घोट्यावरची फुंकर

बुधवारी सकाळी सातच्या ठोक्याला आक्केची निळी बस वर्कशॉपच्या दारात तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली आणि हेसलच्या डोक्यात तिडीक गेली. एसी बिघडतो, मान्य. पण एकच बस दोन महिन्यांत तीनदा त्याच तक्रारीसाठी आली, की ती तक्रार बसबद्दल राहत नाही, माणसाबद्दल होते. ड्राख्टन गावातल्या या वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या थंडाव्याचं काम सव्वीस वर्षं एकट्या हेसलकडे होतं. खापर फोडायला दुसरं डोकं उपलब्ध नव्हतं.

आक्के खाली उतरली. बस तिची, चालवायचीही तीच. साठीची, दणकट बाई, बाह्या बारमाही कोपराच्या वर.

"वारा येतो," ती म्हणाली, "पण गरम येतो. माझ्या सासऱ्यांसारखं आहे. तोंड दिवसभर चालू, उपयोग शून्य."

"किती दिवस चालला?"

"नऊ."

हेसलने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मे महिन्यात त्याने छपरावरच्या सांध्यांची सगळी रबरं बदलून गॅस भरला होता, तो पाच आठवडे टिकला. जूनच्या शेवटी गॅस भरायच्या तोंडाची झडप बदलली. त्यावर नऊ दिवस. दुरुस्ती करावी तशी गळती वाढत होती. आणि गंमत अशी, की गळती कुठे आहे हे विचारलं तर दोन्ही वेळा त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो साफ चुकला होता.

दुसरी एखादी बस असती तर त्याने आठवडाभर मागून घेतला असता. पण ही बस उद्या सकाळी सातला मोझेल नदीकाठी निघणार होती, पाच दिवसांसाठी, आठ व्हीलचेअर घेऊन. तिकडे चौतीस डिग्री सांगितले होते. त्या आठांमधली एक खुर्ची सीत्स्केची होती, आणि सीत्स्के हेसलची बायको. तिचा मज्जातंतूंचा आजार उकाड्यात चेकाळायचा. पारा तिशीच्या वर गेला की हातातला चमचा जड व्हायचा, शब्द अडकायचे, मान धरवत नसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बस गार असेल तर जा, नाहीतर घरीच पंख्यासमोर बसा. सीत्स्केने जानेवारीपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या पाच दिवसांभोवती लाल चौकोन काढून ठेवला होता.

"भरून टाक ना," आक्के म्हणाली. "पाच दिवसांचा प्रश्न आहे. आल्यावर शोध तुला काय शोधायचं ते."

"गळती असताना गॅस भरायचा नाही. कायदा आहे."

"कायदा मोझेलला येणार नाहीये, हेसल. सीत्स्के येणारे."

हेसल मनात आकडे मांडत होता. आधी पाच आठवडे, मग नऊ दिवस. पुढचा आकडा काय असेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं. तीन दिवस निघाला, तर परमुलखात रविवारी, रस्त्याच्या कडेला, आठ आजारी माणसं काचेच्या डब्यात शिजत बसणार. तो सरळ कामाला लागला.

आत उरलेला गॅस त्याने यंत्राने खेचून घेतला आणि वजन केलं. नऊ किलोंपैकी साडेचार. मग सगळ्या नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबून भरला, गेजचा काटा जिथे थांबला तिथे काचेवर पेनने रेघ मारली आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन निघाला. आधी छपरावर, मग मागे कॉम्प्रेसरशी, मग बसच्या पोटाखाली पाठीवर सरपटत. प्रत्येक सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का पाहायचा. एक बुडबुडा. एवढंच त्याचं मागणं होतं. पत्र्यांच्या छपराखाली सकाळी नऊलाच सव्वीस डिग्री झाले होते, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि बुडबुडा म्हणून येईना. गॅसचा वास घेणारं यंत्र फिरवलं, ते मख्ख. काटा रेघेवर ठाम. गेजच्या मते बस ठणठणीत होती.

मधल्या दाराशी, बसच्या पोटात, लिफ्टची पेटी होती. व्हीलचेअर वर चढवायचा फलाट त्या पेटीतून बाहेर सरकतो. तिच्यावर लिफ्टवाल्या कंपनीचा हिरवा स्टिकर. लिफ्ट त्यांची, वर्षातून एकदा येऊन ते तपासतात, सही करतात. वर्कशॉपमध्ये कोणी तिला बोट लावत नसे. पुढच्या एसीकडे जाणारी नळी पेटीच्या मागून जात होती. हेसलने टॉर्चने पाहिलं, तिथे सगळीकडे लिफ्टचं ग्रीस आणि तेल थापलेलं होतं. हात जाईल तिथे फेस लावला, यंत्र धरलं. काही नाही. तो पुढे सरकला.

दहा वाजले. दहाला कॉफी. वर्कशॉपला आग लागली असती तरी ती दहा ते सव्वादहा थांबली असती. गुलाबी साखरेचा थर दिलेला केक कोणीतरी वाढदिवसाचा म्हणून आणला होता. फोरमन रिंडर्टने हेसलपुढे तुकडा सरकवला.

"सापडली?"

"नाही."

"मला काय वाटतं माहितीये? त्या बसला तू आवडतोस. उगाच भेटायला येते."

बाकीचे हसले. हेसलने केक परत सरकवला.

"गॅसच्या नोंदवहीत तिसरी नोंद होणार," रिंडर्ट आवाज खाली आणत म्हणाला. "तपासणीवाला आला तर पहिलं तेच पान उघडेल. गळती सापडली आणि बंद केली, असं लिहिल्याशिवाय मी गॅस भरू देणार नाही. उद्या सीत्स्के जाणारे, हे मला माहितीये. म्हणून आधीच सांगतोय."

"मी काही म्हटलं का?"

"तू कधीच काही म्हणत नाहीस. तीच तर पंचाईत आहे."

साडेअकरापर्यंत हेसलने अख्खी बस दुसऱ्यांदा साबणाने धुतली. काटा तसूभर हलला नाही. त्याने पाना बाकावर आपटला, तो घरंगळून शेजारच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात पडला आणि तो काढायला खाली उतरावं लागलं. तिथे खाली उभ्या उभ्याच त्याने ठरवून टाकलं. जेवून यायचं, एखादा सांधा उगाच खोलून बंद करायचा, नोंदवहीत 'गळती सापडली' असं लिहायचं आणि गॅस भरून मोकळं व्हायचं. सव्वीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. आज करायचं. निर्णय घेतल्यावर हलकं वाटतं म्हणतात. त्याला हातातला पाना आणखी जड लागला.

घर सायकलवर सात मिनिटं. दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज, ताक, आणि घरातला नियम. नियम हेसलनेच केलेला: टेबलावर बस आणायची नाही. दिवसभर बस, घरी पुन्हा तेच नको, असं म्हणून त्याने पंधरा वर्षांपूर्वी तो घातला होता. सीत्स्के दर मंगळवारी आक्केच्याच बसने पोहायला जायची, त्या बसमधल्या गमती सांगायला लागली की तो बोट वर करायचा. नियम. मग ती गप्प बसायची.

आज टेबलावर सहलीची कागदपत्रं पसरलेली होती. त्यांच्याशेजारी नगरपालिकेचा अर्ज होता, पलंगावरून उचलायचं यंत्र मिळावं म्हणून केलेला. सीत्स्केच्या उजव्या पायातली ताकद चार वर्षांपूर्वीच गेली होती. पण डाव्यावर भार टाकून ती अजून स्वतःची स्वतः खुर्चीतून पलंगावर वळायची, आणि त्याचा तिला ताठा होता. मे महिन्यात तिने ते अचानक बंद केलं. डावाही चालला, म्हणाली. अर्ज तिनेच मागवला, तिनेच भरला.

"होईल ना गार?" तिने विचारलं.

"होईल," तो पावाकडे बघत म्हणाला.

"तुझा चेहरा तसं म्हणत नाहीये."

"होईल म्हटलं ना."

ती लोण्याची डबी पुढे करून बॅगेत काय टाकायचं त्याची यादी वाचत बसली. तिच्याकडे बघवेना म्हणून हेसलने हाताला लागला तो कागद ओढला. सहलीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेला दाखला होता, आजाराच्या सगळ्या खुणांची यादी. थकवा. उजव्या पायाची ताकद नाही. उष्णता सोसत नाही. आणि चौथी ओळ: मेपासून डाव्या घोट्याला अधूनमधून गार वाऱ्याची फुंकर लागल्याचा भास, आजार डाव्या पायात उतरत असल्याची शक्यता.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

"ही फुंकर," तो म्हणाला, "कधी लागते तुला?"

"सांगितलं होतं की तुला."

"कधी लागते? रात्री? झोपेत?"

सीत्स्केने यादी खाली ठेवली आणि त्याच्यासारखंच एक बोट वर केलं. "टेबलावर बस आणायची नाही."

"सीत्स्के."

"नियम तुझा आहे."

"मोडला. आत्ता. कधी लागते?"

चेष्टा करायची होती तेवढी करून झाली होती, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पांढरा पडला होता.

"लिफ्टवर," ती म्हणाली. "वर जाताना, अर्ध्यात. मंगळवारी. मी म्हटलं होतं तुला, इथेच, याच खुर्चीत. घोट्यावर कोणी फुंकर मारतंय असं वाटतं म्हणून. तू म्हणालास, तो आजार आहे, डॉक्टरांना सांग. मग सांगितलं डॉक्टरांना."

"बाकी कोणाला लागते?"

"बाकीचे पाठमोरे चढतात. मला नाही आवडत, सामान चढवल्यासारखं. मी तोंड बसकडे करून चढते. आणि मेपासून सँडल घालते. तू उठलास का? पाव तरी संपव."

त्याने संपवला नाही. सायकल चालवताना तो मोठ्याने बोलत होता, स्वतःशीच, आणि शिव्यासुद्धा स्वतःलाच देत होता. गळती उभ्या बसमध्ये शोधत होतो. उभ्या, रिकाम्या, गप्प बसमध्ये.

"लिफ्ट चालू कर," त्याने आक्केला सांगितलं. "आणि आतली जादा व्हीलचेअर काढ."

"लिफ्ट आपली नाही," रिंडर्ट म्हणाला.

"मला माहितीये कोणाची आहे ती. तू गेजपाशी उभा राहा आणि काट्यावरून नजर काढू नकोस."

मग हेसलने डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आपलं नव्वद किलोंचं धूड त्या घडीच्या खुर्चीत बसवलं. जेवून परतलेली सगळी माणसं गोळा झाली. कोणीतरी विचारलं, पाय धुवायचा कार्यक्रम आहे का म्हणून. त्याने खुर्ची फलाटावर घेतली, तोंड बसकडे, आणि आक्केने बटण दाबलं. पंप घरघरायला लागला. त्या घरघरीत दुसरं काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. फलाट गुडघाभर उचलला गेला. मग कमरेएवढा. काही नाही. आणखी वीतभर.

आणि घोट्यावर फुंकर लागली.

बारीक, गार, नेमकी घोट्याच्या हाडावर. फसायला जागाच नव्हती.

"काटा हलला," रिंडर्ट ओरडला. "पडतोय. हेसल, काटा पडतोय."

"थांबव," हेसल म्हणाला. आक्केने बोट उचललं आणि तो हवेत अधांतरी तसाच बसून राहिला, एक पाय उघडा. आता पंप बंद होता आणि फुसफुस सगळ्यांना ऐकू आली. त्याने वाकून टॉर्च पेटीत मारला. वजन घेऊन लिफ्टचा लोखंडी हात वर येताना मागच्या नळीला तिच्या तोंडाशी ढकलत होता, आणि रबर जिथे धातूत दाबून बसवलेलं असतं तिथे फट उघडत होती. रिकामी लिफ्ट तिथपर्यंत झुकतच नव्हती. फलाट खाली आला की फट मिटत असणार, आणि गॅसबरोबर जे चार थेंब तेल सांडायचं ते लिफ्टच्या ग्रीसमध्ये गडप. नळीला धरून ठेवणारी पकड जागेवर नव्हती. ती पेटीच्या तळाशी पडलेली सापडली, दोन्ही स्क्रूंसकट.

"एप्रिलमध्ये लिफ्टवाल्यांनी हात बदलला होता," आक्के हळूच म्हणाली.

म्हणजे त्यांनी पकड काढली आणि परत बसवली नाही, कारण नळी त्यांची नाही. आणि हेसल दोन महिने तिथून पुढे सरकत राहिला, कारण लिफ्ट त्याची नाही. एवढीच ती भानगड. त्याला लिफ्टवाल्यांचा संताप आला, पण तो संताप फार वेळ धरून ठेवता येईना. पकड विसरणारी माणसं परकी होती. फुंकर लागते हे त्याला त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच बायकोने सांगितलं होतं.

पुढचं काम हातखंड्याचं. खराब तोंड कापलं, नवीन दाबून बसवलं, नळी हातभर बाजूला घेऊन तिला दोन पकडी ठोकल्या. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा रेघ, आणि या वेळी अख्खं वर्कशॉप आळीपाळीने लिफ्टवर बसून वरखाली झालं, रिंडर्टसुद्धा. काटा हलला नाही. मग नळ्यांमधली हवा खेचून घेतली आणि वजन करून नऊ किलो गॅस भरला. नोंदवहीत त्याने जे खरं होतं तेच लिहिलं. सहा वाजता बसच्या झरोक्यातून असा गारवा सुटला, की आक्केने बाह्या खाली केल्या. ते दृश्य कोणी यापूर्वी पाहिलेलं नव्हतं.

घरी सीत्स्के खिडकीशी होती, बॅग भरून तयार.

"गार आहे," तो म्हणाला. "बर्फ."

"बरं झालं. कुठे होतं?"

त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, टोपी न काढता. नळी, लोखंडी हात, पकड, फुंकर. ती खूश होईल, 'मी म्हटलं नव्हतं' असं ऐकवेल, अशी त्याची अटकळ होती, आणि ते ऐकून घ्यायची तयारी करूनच तो आला होता. पण तिने खाली डाव्या पायाकडे पाहिलं.

"दोन महिने," ती म्हणाली, "मी या पायाचा निरोप घेत होते, हेसल."

त्याने टोपी काढली.

"रोज सकाळी उठल्यावर आधी त्याला बघायचे. आज गेला का, म्हणून. उभी राहायची बंद झाले, मध्येच दगा देईल म्हणून. ते यंत्र मागवलं. आणि तू म्हणालास, आजार आहे. असं चटकन म्हणालास की मलाच लाज वाटली पुन्हा बोलायची."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

त्याला वाटलं संपलं. पण संपलं नव्हतं.

"आणि उद्या लिफ्टवर पुन्हा लागली तर?"

"नाही लागणार. मी स्वतः बसलो. सगळे बसले."

"तुम्हाला नाही लागली. मला लागली तर?" तिचा आवाज अगदी साधा होता. "मग ती बसची नसेल. मग ती माझी."

या प्रश्नाला गेज नव्हतं. रात्री ती दोघं शेजारी जागी होती आणि ते दोघांनाही माहीत होतं.

गुरुवारी सकाळी पावणेसातला ऊन तेव्हाच चटचटायला लागलं होतं. आक्केने साडेसहालाच इंजिन चालू करून ठेवलं होतं. एकेक खुर्ची पाठमोरी वर गेली. सीत्स्केची सगळ्यात शेवटी. तिने ब्रेक सोडला, तोंड बसकडे केलं, आणि मग खाली वाकून डाव्या पायातली सँडल काढून हेसलच्या हातात दिली.

आक्केने बटण दाबलं. पंप घरघरला. फलाट गुडघ्याएवढा उचलला, मग कमरेएवढा. हेसलला तिची पाठच तेवढी दिसत होती. ती ताठ होती, डोकं किंचित कललेलं, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसं. आणखी वीतभर. हातातली सँडल त्याने चुरगाळून टाकली होती. फलाट वर पोचला, ठक्कन थांबला, आणि पंप बंद पडला.

ती हलली नाही. वळलीही नाही.

"सीत्स्के?" त्याने खालून विचारलं.

तिने आधी डावा पाय खुर्चीच्या पावठ्यावरून काढून बसच्या जमिनीवर ठेवला. दाराच्या दांडीला धरलं. मग त्या एका पायावर उभी राहिली, पाठीत थोडी वाकलेली, पण उभी, आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"सँडल फेक इकडे," ती म्हणाली, "आणि दार लाव. गारवा वाया चाललाय."